हवाकोंडी : एका तांत्रिक शब्दाचे अनेक अर्थ



उन्हाळ्याच्या दिवसांत माण, खटाव, आटपाडी किंवा जत यांसारख्या कमी पावसाच्या तालुक्यांतील एखाद्या गावी पुढील प्रसंग घडू शकतो. गावची टाकी भरलेली असते, पंप सुरळीत चालत असतो, वीजही असते. परंतु शेवटच्या वाडीतील नळाला मात्र पाणी येत नाही. फिटर येतो, वाहिनी पाहतो आणि नोंदवहीत दोनच शब्द लिहून जातो : 'एअर लॉक'. मासिक सभेत ती नोंद वाचली जाते. एका सदस्याचे मत पडते की, मोटार कमी शक्तीची आहे, मोठी घ्यावी. दुसऱ्याला वाटते, कोणीतरी व्हॉल्व्हला कुलूप लावले असावे. शाळेतील शिक्षकांनी हा शब्द अंतराळयानाच्या संदर्भात वाचलेला असतो. त्यांना त्याचा नळाशी काय संबंध, हे कळत नाही. चर्चा लांबते, ठराव होतो, खर्चही होतो. वाडीचा नळ मात्र कोरडाच राहतो.

हा दोष कोणा एकाचा नव्हे. 'एअर लॉक' हा शब्दच असा आहे की, तो एका ठिकाणी बिघाडाचे नाव आहे, दुसऱ्या ठिकाणी दाराचे नाव आहे आणि तिसऱ्या ठिकाणी पहारेकऱ्याचे नाव आहे. एका अर्थाने तो आढळताच दूर करावयाचा असतो. दुसऱ्या अर्थाने तो मोडला तर जीवितहानी होऊ शकते. म्हणून हे अर्थ एकमेकांपासून वेगळे करणे हा केवळ भाषेचा प्रश्न राहत नाही. तो सार्वजनिक पैशाचा आणि सार्वजनिक आरोग्याचाही प्रश्न ठरतो.

पहिला अर्थ : पाण्याच्या वाटेत कोंडलेली हवा

सातारा आणि सांगली हे दोन्ही जिल्हे कृष्णेच्या खोऱ्यातील असले, तरी त्यांचा मोठा भाग नदीपेक्षा उंचावर व पर्जन्यछायेत आहे. त्यामुळे येथे पाणी वाहत येत नाही, ते उचलून न्यावे लागते. कराड तालुक्यातील टेंभू, वाळवा तालुक्यातील ताकारी, मिरज तालुक्यातील म्हैसाळ आणि सातारा जिल्ह्यातील जिहे-कठापूर या उपसा सिंचन योजना याच गरजेतून उभ्या राहिल्या. त्यांच्याबरोबरच सहकारी पाणीपुरवठा संस्थांच्या, वैयक्तिक शेतकऱ्यांच्या आणि गावोगावच्या नळयोजनांच्या असंख्य लहानमोठ्या वाहिन्या माळ, ओढे व टेकड्या ओलांडून गेलेल्या आहेत. वाहिनी जमिनीच्या चढउतारानुसार टाकलेली असली की, तिच्यात उंचवटे येतात, आणि जेथे उंचवटा आहे तेथे हवा साठण्यास जागा मिळते.

ही हवा येते कोठून? पुरवठा रोज ठराविक वेळीच होत असेल, तर मधल्या काळात वाहिनी अंशतः रिकामी होऊन तिच्यात हवा शिरते. टाकीतील पाणी तळाला गेले की, भोवऱ्याबरोबर हवा आत ओढली जाते. सांध्यातील फटींतूनही ती शिरते. याशिवाय पाण्यात थोडी हवा विरघळलेली असतेच. दाब कमी होताच किंवा पाणी तापताच ती बुडबुड्यांच्या रूपाने वेगळी होते. हलकी असल्यामुळे ती उंचवट्याच्या माथ्यावर गोळा होते आणि पाण्याची वाट अडवते.

ही अडवणूक कशी होते, हे एका साध्या हिशेबाने समजू शकते. समजा, टाकीतील पाण्याची पातळी वाडीच्या नळापेक्षा १५ मीटर उंच आहे आणि वाटेत वाहिनीला तीन उंचवटे आहेत. प्रत्येक उंचवट्याच्या उताराच्या बाजूस ४ मीटर उंचीपर्यंत हवा भरली आहे. पाण्याला वजन असते, म्हणून त्याचा स्तंभ पुढे दाब देतो. हवेचे वजन त्या मानाने नगण्य असते. तेव्हा प्रत्येक उंचवट्यावर सुमारे ४ मीटर, म्हणजे एकूण १२ मीटर दाब वाया जातो. उरतो तो ३ मीटर. त्यातूनच नळीतील घर्षणही भागवावयाचे असते. साहजिकच नळाला बारीक धार येते. हवेची उंची प्रत्येकी ५ मीटर झाली, तर १५ मीटरचा सगळाच दाब संपतो आणि टाकी काठोकाठ भरलेली असूनही नळ कोरडा राहतो.

या उदाहरणात मोठ्या मोटारीचा काहीच उपयोग नाही, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. मोटारीचे काम पाणी टाकीपर्यंत चढविण्याचे. टाकीपासून वाडीपर्यंत पाणी स्वतःच्या भाराने जाते. दोष टाकीच्या पुढे असताना टाकीच्या मागील यंत्रावर खर्च केल्यास तो व्यर्थ जातो. 'एअर लॉक' या दोन शब्दांऐवजी नोंदवहीत "टाकीपुढील दुसऱ्या उंचवट्यावर हवा कोंडली आहे, हवा-व्हॉल्व्ह बंद पडला आहे" असे लिहिले असते, तर सभेची चर्चा पाच मिनिटांत संपली असती.

या बिघाडावरील उपायही साधा आहे. उंचवट्यावर हवा-व्हॉल्व्ह बसवावा, सखल भागी गाळ काढण्याची सोय ठेवावी आणि रिकामी वाहिनी एकदम न भरता सावकाश भरावी. हवा-व्हॉल्व्हमध्ये बहुधा एक तरंगता गोळा असतो. हवा साठली की गोळा खाली बसतो, छिद्र मोकळे होते आणि हवा बाहेर जाते. पाणी वर आले की गोळा तरंगून छिद्र बंद करतो. मोठ्या छिद्राचा व्हॉल्व्ह आणखी एक काम करतो. वाहिनी झपाट्याने रिकामी होऊ लागली, तर तो बाहेरची हवा आत घेतो. तशी सोय नसेल तर आत निर्वात पोकळी निर्माण होऊन पातळ पत्र्याची मोठी वाहिनी बाहेरील हवेच्या दाबाने चेपू शकते.

येथे एका अनिष्ट सवयीचा उल्लेख करणे आवश्यक आहे. टंचाईच्या काळात हवा-व्हॉल्व्ह सैल करून त्यातून पाणी भरण्याचे प्रकार होतात. तहानलेल्या माणसाला ती तोटी वाटते, यात नवल नाही. परंतु व्हॉल्व्ह बिघडला की, पुढील गावाच्या वाटेत हवा कोंडते. शिवाय पुरवठा बंद होताच वाहिनी हवा आत ओढू लागते आणि व्हॉल्व्हच्या खड्ड्यात सांडपाणी साचलेले असेल, तर तेही आत ओढले जाते. दुसऱ्या दिवशी तेच पाणी घराघरांत पोहोचते. अतिसाराच्या साथीचा उगम शोधताना आरोग्य कर्मचाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी हे खड्डे अवश्य पाहावेत.

पंपातील हवा

शेतकरी मात्र 'एअर' हा शब्द आणखी एका प्रसंगी वापरतो. "मोटारीने एअर घेतली" असे तो म्हणतो, तेव्हा त्याचा रोख वाहिनीतील उंचवट्यावर नसून पंपाच्या शोषण-नळीवर असतो. सांगली जिल्ह्याला हा विषय परका नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये वसविलेल्या किर्लोस्करवाडीत विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकापासून पंप तयार होऊ लागले आणि तेथील पंप देशभर गेले.

फिरत्या पंख्याचा पंप पाणी फेकू शकतो. कोरडी हवा त्याला पुरेशी खेचता येत नाही. म्हणून तो सुरू करण्यापूर्वी त्याच्यात आणि शोषण-नळीत पाणी भरावे लागते. ते खाली निसटू नये यासाठी नळीच्या टोकाला एकतर्फी झडप असते. तिला खेड्यापाड्यांत 'फुटबॉल' म्हणतात. तिच्यात काडीकचरा अडकला, किंवा शोषण-नळीच्या सांध्यातून हवा शिरली की, पंप फिरत राहतो पण पाणी येत नाही. हीही हवाकोंडीच, परंतु तिची जागा वेगळी, कारण वेगळे आणि उपायही वेगळा.

याला निसर्गाची एक मर्यादाही आहे. पंप पाणी 'ओढतो' असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात वातावरणाचा दाब ते वर ढकलतो. समुद्रसपाटीला हा दाब सुमारे १०.३ मीटर उंचीचा पाण्याचा स्तंभ पेलतो. सांगलीच्या उंचीवर तो आकडा साडेनऊ-पावणेदहा मीटरवर येतो आणि महाबळेश्वरच्या पठारावर नऊ मीटरच्याही खाली जातो. घर्षण व इतर तूट लक्षात घेता, व्यवहारात सहा ते सात मीटरपेक्षा अधिक शोषण-उंची ठेवू नये. कृष्णाकाठच्या शेतकऱ्याची खरी अडचण येथेच आहे. ऑगस्ट २०१९ च्या महापुरात सांगलीच्या आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्याही वर गेली होती. पुरापासून वाचण्यासाठी पंप उंच ठेवावा, तर उन्हाळ्यात पाणी शोषणाच्या टप्प्याबाहेर जाते. खाली ठेवावा, तर पुरात बुडतो. त्यामुळे ऋतुमानाप्रमाणे पंप वरखाली हलवावा लागतो आणि प्रत्येक हलवणीत सांधे सैल होऊन हवा शिरण्याचा धोका वाढतो.

'फुटबॉल' साफ करण्यासाठी माणसाला विहिरीत उतरावे लागते, तेव्हा 'हवा' या शब्दाला आणखी गंभीर अर्थ प्राप्त होतो. जुन्या, खोल, बंदिस्त विहिरीत प्राणवायू कमी पडून किंवा विषारी वायू साचून माणसे दगावतात. आणि पहिल्याला वाचविण्यास उतरलेला दुसराही बळी पडतो. कंदील खाली सोडून पाहण्याची रीत पुरेशी नाही. ज्वलनशील वायू असल्यास तीच घातक ठरते. वायूची तपासणी, ताज्या हवेची सोय आणि कमरेला दोर बांधून वर उभी असलेली माणसे यांवाचून कोणालाही खाली उतरू देऊ नये.

जुना मराठी शब्द : उच्छ्वास

वाहिनीत कोंडणाऱ्या हवेचे ज्ञान पाश्चात्त्य यंत्रांबरोबरच आले, असा समज असेल तर तो दुरुस्त केला पाहिजे. अठराव्या शतकाच्या मध्यास पेशव्यांनी कात्रजच्या तलावापासून पुण्यात बंदिस्त नळाने पाणी आणले. त्या मार्गावर जागोजागी उभे, पोकळ मनोरे बांधलेले होते. त्यांना 'उच्छ्वास' म्हणत. जत तालुक्याला लागून असलेल्या विजापूर भागात आदिलशाहीच्या काळात नळमार्गावर असेच मनोरे उभारले गेले; ते 'गंज' या नावाने ओळखले जातात. नळातील हवेला वाट देणे, पाण्याचा वाढलेला दाब हलका करणे, गाळ बसू देणे आणि देखभालीसाठी आत पोहोचणे, असे उपयोग या बांधकामांचे होते.

'उच्छ्वास' या शब्दाची योजना किती समर्पक आहे! नळाला श्वास सोडण्याची जागा हवी, ही कल्पना त्यात एका शब्दात आली आहे. हवा-व्हॉल्व्ह म्हणजे आधुनिक उच्छ्वासच होय. शाळेतील विद्यार्थ्याला या शब्दापासून सुरुवात करून दिली, तर पुढील सारे विज्ञान त्याला परके वाटणार नाही.

दुसरा अर्थ : दोन दारांची खोली

'एअर लॉक' याचा दुसरा अर्थ मात्र बिघाडाचा नाही. दोन वेगळ्या हवामानांच्या किंवा वेगळ्या दाबांच्या जागांमध्ये एक लहान खोली ठेवावयाची, तिला दोन दारे करावयाची आणि एका वेळी एकच दार उघडावयाचे, अशी ही व्यवस्था आहे. माणूस व माल आतबाहेर जातो. हवा मात्र जात नाही.

याचे साधे रूप आपल्या परिसरात पाहावयास मिळते. फुलांच्या व भाजीपाल्याच्या हरितगृहाला दुहेरी दार असते, ते किडींना अटकाव करण्यासाठी. सांगली-तासगाव भागात बेदाणा साठविणारी शीतगृहे आहेत. शीतगृहाच्या मुख्य कोठीपूर्वी एक मधली खोली ठेवतात, ती थंड हवा निसटू नये आणि बाहेरचा दमटपणा आत शिरू नये म्हणून. संसर्गजन्य रोगांच्या विलगीकरण कक्षापुढील मधल्या खोलीचेही तत्त्व हेच. मजूर, रुग्णसेवक किंवा चालक यांनी सोयीसाठी दोन्ही दारे एकाच वेळी उघडी टाकली की, सारी योजना निष्फळ होते.

या अर्थाचा इतिहास पुलांच्या पायांशी जोडलेला आहे. पाण्याखालच्या किंवा ओल्या जमिनीतील खोदकामात दाबलेली हवा भरून पाणी बाहेर रोखावे आणि दुहेरी दाराच्या कक्षातून कामगारांनी ये-जा करावी, या कल्पनेचे पेटंट थॉमस कॉक्रेन यांनी इंग्लंडमध्ये १८३० साली घेतले. पुढे मोठमोठे पूल या पद्धतीने उभे राहिले. कोलकात्याच्या हावडा पुलाच्या पायासाठीही दाबलेल्या हवेचा उपयोग करण्यात आला. परंतु दाबाच्या कक्षातून घाईने बाहेर येणाऱ्या कामगारांच्या रक्तात वायूचे बुडबुडे निर्माण होऊन त्यांना असह्य वेदना होत. काही पांगळे झाले, काही मरण पावले. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाचे मुख्य अभियंता वॉशिंग्टन रोबलिंग यांना याच व्याधीने ग्रासले आणि १८८३ मध्ये पूल खुला होईपर्यंत त्यांच्या पत्नी एमिली रोबलिंग यांनी कामाचा मोठा भार सांभाळला. यावरून बोध झाला तो असा की, कक्षातील दाब हळूहळू कमी केला पाहिजे. शिक्षकांच्या वाचनातील अंतराळयानाचा 'एअर लॉक' याच घराण्यातला. १८ मार्च १९६५ रोजी अलेक्सी लिओनोव्ह हे यानाबाहेर पडणारे पहिले मानव ठरले, तेही अशाच एका फुगविता येणाऱ्या कक्षातून.

तिसरा अर्थ : वायूवरील पहारा

तिसऱ्या अर्थाचा 'एअर लॉक' वायूला एकाच दिशेने जाऊ देतो किंवा मुळीच जाऊ देत नाही. द्राक्षरस आंबविण्याच्या पात्रावर पाण्याची एक वाकडी नळी बसवितात. आत तयार झालेला वायू बुडबुड्यांनी बाहेर पडतो, बाहेरची हवा मात्र आत येत नाही. साखर कारखान्यासारख्या ठिकाणी बॉयलरच्या धुरातील राख गोळा करणाऱ्या यंत्राखाली फिरत्या पंखांची झडप असू शकते. राख खाली पडते, हवा वर शिरत नाही. तिलाही कारखान्यात 'एअर लॉक' असेच नाव आहे.

ग्रामपंचायतीला या तत्त्वाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे शौचालयाच्या भांड्यातील पाण्याचा अडसर. ग्रामीण पद्धतीच्या भांड्यात तो सुमारे २० मिलिमीटर खोलीचा असतो. एवढेसे पाणी दुर्गंधी आणि माश्या रोखून धरते. शौचालय साफ करताना हा अडसर फोडला, तर भांडे राहते पण शौचालयाचा हेतू जातो. गोबर गॅसच्या नळीत मात्र उलटा प्रकार घडतो. तेथे वाफेचे पाणी सखल भागी साचून गॅसची वाट अडवते आणि चूल विझते. पाण्याच्या नळीत हवेची कोंडी, तर वायूच्या नळीत पाण्याची कोंडी; तत्त्व एकच, साधन वेगळे.

हवा मुद्दाम कोंडून ठेवण्याचेही एक उदाहरण आहे. उपसा योजनांच्या चढत्या वाहिनीवर काही ठिकाणी हवा भरलेली मोठी बंद टाकी जोडतात. वीज अचानक गेली की, वाहिनीतील पाणी मागे फिरून जबर तडाखा देते. टाकीतील हवा दाबली जाऊन तो तडाखा झेलते. अनभिज्ञ कर्मचाऱ्याने ती हवा 'बिघाड' समजून काढून टाकली, तर वाहिनी फुटण्याची वेळ येईल. शब्दाचा अर्थ चुकला की हात चुकतो, तो असा.

काय करता येईल?

राज्याच्या स्थापनेबरोबर १९६० मध्ये भाषा संचालनालय अस्तित्वात आले आणि शासनव्यवहारासाठी परिभाषा घडविण्याचे काम सुरू झाले. सातारा जिल्ह्यातील वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या नेतृत्वाखाली मराठी विश्वकोशाचे कार्य उभे राहिले. त्याचा पहिला लेखखंड निघण्यापूर्वीच १९७३ मध्ये परिभाषा संग्रहाचा खंड प्रसिद्ध झाला. ज्ञान मराठीत आणावयाचे तर आधी शब्द निश्चित झाले पाहिजेत, ही त्यामागील दृष्टी होती. ती दृष्टी ग्रामपंचायतीच्या नोंदवहीपर्यंत पोहोचली पाहिजे.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागणार नाही. बिघाडाला 'हवाकोंडी', दोन दारांच्या खोलीला 'दाबकक्ष' किंवा 'मधला कक्ष' आणि वायू रोखणाऱ्या साधनाला 'वायुरोधक' म्हटले, तर तिन्ही अर्थ आपोआप वेगळे होतात. 'एअर लॉक' हाच शब्द वापरावयाचा असेल, तर त्यापुढे तीन गोष्टी लिहाव्यात : जागा कोणती, काय अडले आहे आणि कोणता भाग दुरुस्त करावयाचा. २०१९ पासून जल जीवन मिशनखाली गावोगाव नळयोजना झाल्या आहेत. त्यांची देखभाल अखेर ग्रामपंचायतीकडेच येते. योजना ताब्यात घेताना उंचवटे, हवा-व्हॉल्व्ह आणि गाळ काढण्याच्या जागा दाखविणारा नकाशा मागून घ्यावा आणि तो कार्यालयाच्या भिंतीवर लावावा. शिक्षकांनी एक पारदर्शक नळी दोन ठिकाणी उंच वाकवून तिच्यातून पाणी सोडून दाखवावे. कोंडलेली हवा मुलांना डोळ्यांनी दिसेल आणि वाकणावर टाचणीने छिद्र पाडून ती बाहेर जाऊ दिली की धार कशी वाढते, हेही दिसेल.

हवा दिसत नाही, म्हणून तिच्याविषयी बोलताना शब्द अधिक स्वच्छ हवेत. शेवटच्या वाडीतील बाईला हंडा भरावयाचा असतो. 'एअर लॉक'चे किती अर्थ आहेत, याच्याशी तिला कर्तव्य नाही. परंतु तिचा हंडा भरावा यासाठी ज्यांनी ठराव करावयाचा, अंदाजपत्रक तयार करावयाचे आणि पाना हाती घ्यावयाचा, त्या सर्वांच्या मनात त्या शब्दाचा एकच आणि नेमका अर्थ असला पाहिजे.